लोकाश्रयाच्या शाळा आणि शिस्तीचा अधिकार

महाराष्ट्रातील शालेय शिस्तीचा विचार निघाला की लक्ष प्रथम छडीकडे जाते आणि पुष्कळदा तेथेच थांबते. परंतु मुलाने शाळेत कसे वागावे, तसे तो न वागल्यास त्याला कोणी, किती आणि कोणत्या अधिकाराने शासन करावे, या प्रश्नांचा उलगडा केवळ शिक्षेच्या प्रकारांची जंत्री मांडून होत नाही. शाळा कोणाच्या धान्यावर चालते, शिक्षक कोणाला उत्तरदायी असतो आणि शाळेच्या रोजच्या व्यवहारात मुलाचा स्वतःचा वाटा किती असतो, या तीन गोष्टींवर शिस्तीचे स्वरूप फार मोठ्या प्रमाणात ठरत आलेले आहे. राज्यसत्तेच्या तिजोरीवर पूर्णतः अवलंबून न राहता गावाच्या, जातिसमूहाच्या किंवा व्यापक रयतेच्या आधारावर उभ्या राहिलेल्या शाळांना येथे लोकाश्रयाच्या शाळा म्हटले आहे. पेशवाईच्या अखेरीस गावोगावी चालणाऱ्या पंतोजींच्या शाळांपासून विसाव्या शतकातील वसतिगृहांपर्यंत अशा शाळांची एक दीर्घ परंपरा आहे आणि शिस्तीचा अधिकार कोणाकडून कोणाकडे सरकला, हे या परंपरेत विशेष स्पष्टपणे दिसते.

इंग्रजी अंमल दख्खनेत स्थिरावत असताना मुंबई सरकारने देशी शाळांची जी पाहणी करविली, तिच्यातून १८२९ च्या सुमारास मुंबई इलाख्यात सतराशेच्या आसपास शाळा आणि सुमारे पस्तीस हजार विद्यार्थी असल्याचे पुढे आले. यांपैकी बहुतेक शाळा, ज्यांना पुढे 'गावठी शाळा' असे नाव पडले, एकाच शिक्षकाच्या होत्या आणि त्यांना स्वतंत्र इमारत क्वचितच असे. देवळाचा सभामंडप, धर्मशाळेचा कोपरा, एखाद्या सावकाराच्या किंवा पाटलाच्या वाड्याची ओसरी, नाहीतर खुद्द पंतोजींचे घर, हीच शाळेची जागा असे. पंतोजी म्हणजे अशा शाळेचा मालक, चालक आणि एकमेव शिक्षक. त्याला ठरावीक वेतन नव्हते. प्रत्येक मुलामागे महिन्याला मिळणारी अल्प रक्कम, सुगीच्या वेळचे धान्य, सणावाराचा शिधा आणि मूल एक टप्पा ओलांडून पुढच्या धड्याकडे गेले म्हणजे घरच्यांनी खुशीने दिलेले काही, यांवर त्याचा चरितार्थ चाले. ब्राह्मण, व्यापारी, सोनार, प्रभू आणि काही प्रमाणात कुणबी घरांतील मुलगे तेथे येत. मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना या ओसरीवर जागा नव्हती.

या शाळेतील अभ्यासक्रम मर्यादित, पण व्यवहाराला पुरणारा होता. मूल प्रथम धूळपाटीवर, म्हणजे बारीक माती किंवा रांगोळी पसरलेल्या फळीवर, बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरवी. ओनामा, म्हणजे मंगलवचनाने आरंभ होणारा पहिला धडा, झाला की मुळाक्षरे, बाराखड्या, अंक, पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी आणि अडीचकी असा क्रम चाले, आणि शेवटी मोडी लिपीतील पत्रलेखन व हिशेब येत. पावकीपासून अडीचकीपर्यंतची ही कोष्टके अपूर्णांकांची असून बाजारातील वजनमापे आणि नाणी ज्या काळी पाव, अर्धा आणि पाऊण अशा भागांनी मोजली जात त्या काळी ती तोंडपाठ असणे ही उपजीविकेची गरज होती. सायंकाळी सर्व मुलांनी एका ओळीत उभे राहून, एका थोराड मुलाच्या मागोमाग एका सुरात हे सारे म्हणायचे, या प्रघाताला परवचा म्हणत. शिस्तीच्या इतिहासात परवच्याला छडीइतकेच महत्त्व दिले पाहिजे, कारण एकाच वेळी पंधरा-वीस वेगवेगळ्या वयांच्या मुलांना एका माणसाने सांभाळावयाचे तर सामूहिक लय हे त्याच्या हातातील सर्वांत परिणामकारक साधन होते, आणि त्या लयीत चुकलेला आवाज ओळखणे अनुभवी पंतोजीला अवघड नसे.

शिक्षांचे प्रकार मात्र खरोखरच कठोर होते. अंगठे धरून ओणवे उभे करणे, कान धरून उठाबशा काढावयास लावणे, वेताच्या छडीने किंवा निर्गुडीच्या फोकेने हातांवर व पोटऱ्यांवर मारणे हे नित्याचे असे. दांडी मारणाऱ्या मुलाला आणण्यासाठी चार मोठी मुले पाठविली जात आणि ती त्याला हातापायांना धरून, उचलबांगडी करून, शाळेत आणत. याहून भयंकर शिक्षा म्हणजे आढ्याला बांधलेल्या दोरीला मुलाला हातांनी लोंबकळत ठेवणे. ही शिक्षा केवळ महाराष्ट्रापुरती नव्हती. मद्रास इलाख्यातील बल्लारी जिल्ह्याचे कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल यांनी १८२३ मध्ये आपल्या जिल्ह्यातील ५३३ शाळांविषयी, ज्यांत २३ मराठी शाळा होत्या, सरकारला जे निवेदन पाठविले त्यातही हात बांधून छताला टांगण्याचा आणि सतत उठण्याबसण्याचा उल्लेख आहे. त्याच निवेदनात वेळेवर येण्याविषयीची एक रीत वर्णिली आहे: सकाळी सर्वांआधी येणाऱ्या मुलाच्या तळहातावर सन्मान म्हणून सरस्वतीचे नाव लिहीत, दुसऱ्याच्या हातावर शून्य काढीत, ज्याचा अर्थ स्तुतीही नाही आणि निंदाही नाही असा होई, तिसऱ्याला एक हलका फटका मिळे आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाचा एकेक फटका वाढत जाई. या रीतीत उशिराची व्याख्या घड्याळाने होत नाही, बरोबरीच्या मुलांच्या क्रमाने होते. सगळी मुले पहाटेच आली तरीही कोणीतरी शेवटचा असणारच आणि सर्वांत जास्त फटके त्याच्या वाट्याला येणारच. घड्याळ नसलेल्या गावात वक्तशीरपणा राखण्याची ही युक्ती होती हे मान्य केले तरी तिच्यातील अन्याय लपत नाही.

एवढी कठोरता का होती, याचे उत्तर पंतोजीच्या स्वभावात शोधणे चुकीचे ठरेल. त्याचा पालकांशी असलेला करार तोंडी आणि नाजूक होता. मुलाला किती येते याचा पुरावा म्हणजे घरी त्याने म्हणून दाखविलेले पाढे आणि लिहून दाखविलेले मोडी वळण, आणि तो पुरावा दिसला नाही तर पुढच्या महिन्याची रक्कम व सुगीचे धान्य थांबण्याची भीती. शिवाय बापाने मुलाला स्वाधीन करताना शासनाचा अधिकारही स्वाधीन केला आहे असे दोन्ही पक्ष मानत, त्यामुळे शिक्षकाच्या हाताला गावातून क्वचितच हरकत घेतली जाई. म्हणजे छडी ही एका अर्थी पालकांचीच होती आणि पंतोजी ती त्यांच्या वतीने चालवीत होता. ज्याला या सगळ्यात काहीच विचारले जात नव्हते, तो केवळ मुलगा.

तरीही या शाळेत एक अशी व्यवस्था होती जिच्यात मुलांना जबाबदारी मिळे. पुढे गेलेल्या मुलाने मागच्या मुलाला शिकवावे, ही पद्धत पंतोजीला एकट्याने शाळा चालविणे शक्य करीत असे. मद्रासच्या अनाथालयाचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थानिक शाळेत वाळूवर अक्षरे गिरविणारी मुले पाहिली, त्यातून प्रेरणा घेऊन मोठ्या मुलांकडून लहानांना शिकविण्याचा प्रयोग केला आणि तो इंग्लंडमध्ये 'मद्रास पद्धत' म्हणून गाजला. मुंबईत १८१५ पासून काम करणाऱ्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या शाळांमध्ये हीच पद्धत युरोपीय सुधारणा म्हणून परत आली. अशा रीतीने निवडलेल्या मुलाच्या हाती लहानशी सत्ता येते. ती जबाबदारी ठरते की जुलूम, हे त्या सत्तेवर कोणाची नजर आहे यावर अवलंबून असते, आणि गावठी शाळेत ती नजर एकट्या पंतोजीची होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर शिक्षकाचा मालक बदलला. १८५४ च्या वुड यांच्या खलित्यानंतर, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानातील शिक्षणाविषयी पाठविलेल्या धोरणपत्रानंतर, मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये स्वतंत्र शिक्षणखाते स्थापन झाले. घंटा, हजेरीपत्रक, वेळापत्रक, इयत्ता आणि छापील क्रमिक पुस्तक यांनी शाळेचा दिवस बांधला गेला आणि खेडोपाडी ज्याला 'दिपोटी' म्हणत तो डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन शाळेची परीक्षा घेऊ लागला. मदत घेणाऱ्या खाजगी शाळांना परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलांच्या संख्येवर अनुदान मिळण्याची पद्धत आल्यावर शिक्षकाची जुनी चिंता नव्या रूपात कायम राहिली: पूर्वी तो पालकासमोर पाढे म्हणवून घेण्यासाठी मारी, आता दिपोटीसमोर धडा म्हणवून घेण्यासाठी मारू लागला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ८९ ने बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, सद्हेतूने आणि पालकाच्या संमतीने केलेल्या कृतीला जे संरक्षण दिले, त्याचा आधार घेऊन शिक्षकाच्या 'वाजवी' शिक्षेचे समर्थन पुढे दीर्घकाळ होत राहिले, आणि अशा रीतीने पंतोजी व बाप यांच्यातील तोंडी समजुतीला कायद्याच्या भाषेचा आधार मिळाला.

शिस्तीच्या या नियमांपलीकडे एक नियम असा होता जो कोणत्याही फलकावर लिहिलेला नसे. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि त्यावरून झालेल्या पत्रव्यवहारानंतर सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे तत्त्व जाहीर झाले. परंतु तत्त्व जाहीर होणे आणि वर्गात बसावयास जागा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी राहिल्या. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये 'विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी' या पोवाड्यात शिक्षकाचे शासन मुलाच्या जातीप्रमाणे बदलते आणि त्या जाचाने शूद्रांची मुले शाळा सोडतात, असा रोख धरला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे, म्हणजे शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी मंडळापुढे, दिलेल्या निवेदनात त्यांनी शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शक्य तितके शेतकरी वर्गातून यावेत, त्यांना पुरेसे वेतन मिळावे आणि अभ्यासक्रमात शेती, आरोग्य व नीती यांचे धडे असावेत अशी मागणी केली. या मागण्या एरवी शिक्षणप्रसाराच्या म्हणून वाचल्या जातात. त्या शिस्तीविषयीच्याही आहेत, कारण मुलाला ज्याच्या घरची भाषा आणि ज्याच्या शेताचे काम कळते असा शिक्षक त्याच्याकडून वेगळ्या वागणुकीची अपेक्षा करील, हा त्यांमागचा विश्वास होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, ते गोणपाट संध्याकाळी घरी न्यावे लागे आणि तहान लागली तर शाळेचा शिपाई पाणी वाढील तेव्हाच ते मिळे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. हा अनुभव त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवला आहे. येथे मुलाने काही गैर वर्तन केलेले नव्हते, शिक्षकाने छडीही उचललेली नव्हती, आणि तरीही शाळेतील सर्वांत कठोर शिस्त त्याच एका मुलाला रोज पाळावी लागत होती. शालेय शिस्तीचा कोणताही इतिहास या गोणपाटाची नोंद घेतल्याशिवाय प्रामाणिक म्हणता येणार नाही.

या परिस्थितीत लोकाश्रयाच्या शिक्षणाने घेतलेले सर्वांत महत्त्वाचे वळण म्हणजे वसतिगृह, ज्याला त्या काळी 'बोर्डिंग' म्हणत. कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे निघाली: मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातील मुलाला शहरात राहण्याजेवण्याची सोय झाल्याशिवाय हायस्कूलचे दार त्याच्यासाठी उघडे असूनही बंदच राहते, हे महाराजांनी ओळखले होते, आणि जातवार बोर्डिंग हा तत्कालीन समाजाकडून पैसा व सहानुभूती मिळविण्याचा व्यवहार्य मार्ग होता. परंतु जातीच्या देणगीवर चालणाऱ्या बोर्डिंगात जातीचे आचार हेच वर्तनाचे नियम होणे अटळ होते. जैन बोर्डिंगात राहणारा कुंभोजचा एक विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आला, परतल्यावर जेवणापूर्वी स्नान करण्याचा नियम त्याने पाळला नाही आणि त्यावरून त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. हा विद्यार्थी म्हणजे भाऊराव पायगोंडा पाटील, पुढील काळातील कर्मवीर.

भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्याला आणले आणि तेथे जे वसतिगृह उभे केले त्याला २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. ज्या गावी पंचवीस वर्षांपूर्वी एका मुलाला पाण्यासाठी शिपायाची वाट पाहावी लागत होती, त्याच गावी मराठा, महार, मांग, जैन, मुस्लिम आणि इतर अनेक समाजांची मुले एका छपराखाली राहू लागली, एकाच चुलीवर अन्न शिजवू लागली आणि एका पंगतीला बसू लागली. या पंगतीला केवळ समाजसुधारणेचे प्रतीक मानणे अपुरे आहे. ती बोर्डिंगची पहिली आणि सर्वांत कडक शिस्त होती. पंगतीत न बसणाऱ्याला तेथे राहता येत नव्हते. कोल्हापुरात ज्या कृतीमुळे एका विद्यार्थ्याला वसतिगृहातून जावे लागले, तीच कृती साताऱ्यात प्रवेशाची अट झाली, आणि नियम करणारा तोच होता ज्याच्यावर पहिला नियम चालविला गेला होता.

दुसरा नियम श्रमाचा होता. रयतच्या बोर्डिंगाकडे मोठी देणगी नव्हती. गावोगाव हिंडून जमविलेले धान्य, सुगीतील वाटा, मूठ-मूठ गोळा केलेली ज्वारी-बाजरी आणि भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या पोटासाठी मोडलेले व गहाण टाकलेले दागिने, यांवर ते कसेबसे चाले. अशा ठिकाणी नोकर ठेवणे परवडणारे नव्हते आणि भाऊरावांना ते नकोही होते, म्हणून पाणी भरणे, दळण, स्वयंपाक, भांडी, झाडलोट, शेतातील खोदाई व पेरणी ही सर्व कामे मुलांनी पाळीपाळीने करावयाची, अशी रीत पडली आणि तिच्यातून 'कमवा आणि शिका' ही योजना आकाराला आली. स्वावलंबन हे संस्थेच्या ब्रीदातच आहे. येथे शिस्तीचा आधार मूलतः बदलला, कारण पाळी चुकविणाऱ्या मुलाच्या अपराधाचा परिणाम शिक्षकाच्या रागाची वाट न पाहता त्याच दिवशी, त्याच्या सोबत्यांच्या ताटात, दिसत होता. ज्याने पीठ दळले नाही त्याच्यामुळे भाकऱ्या उशिरा होत, आणि त्याबद्दलचा जाब त्याला त्याच्या बरोबरीची मुलेच विचारीत. नियम कशासाठी आहे हे मुलाला समजावून सांगावे लागत नसे.

भाऊराव, ज्यांना मुले आणि कार्यकर्ते 'अण्णा' म्हणत, स्वभावाने करारी होते आणि त्यांच्या दराऱ्याच्या कथा त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे आदराने सांगितल्या आहेत. म्हणून रयतच्या बोर्डिंगाला शिक्षामुक्त शाळा म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. महत्त्वाचा फरक असा की हा दरारा ज्याचा होता तो स्वतः त्याच मुलांबरोबर जेवत होता आणि त्याच गरिबीत राहत होता. लक्ष्मीबाईंचे १९३० मध्ये निधन झाले तेव्हा त्यांच्या संसारात साठविलेले असे फारसे काही उरलेले नव्हते. गावठी शाळेतील पंतोजी पालकांना उत्तरदायी होता, खात्याचा शिक्षक दिपोटीला. येथे चालकाच्या वागणुकीवर मुलांची नजर होती आणि त्यामुळे त्यालाही नियम लागू होते.

या पद्धतीची किंमतही होती आणि ती सांगितली पाहिजे. ज्या मुलाच्या घरी पैसा होता तो शहरात खोली घेऊन पूर्ण वेळ अभ्यास करी, आणि ज्याच्या घरी नव्हता त्याला शिक्षणाचे मोल घामाने द्यावे लागे. श्रमाच्या प्रतिष्ठेचा कितीही गौरव केला तरी थकलेल्या मुलाला रात्री पुस्तकासमोर झोप येते, हे सत्य बदलत नाही. तथापि त्या काळच्या सातारा जिल्ह्यातील कष्टकऱ्यांच्या मुलांपुढे पर्याय आरामशीर शिक्षणाचा नव्हता. तो शिक्षण किंवा गुरे राखणे असा होता. १९३५ मध्ये संस्थेने साताऱ्यात शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय काढले, १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले, आणि या संस्थांतून शिकलेले शिक्षक जेव्हा सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंच्या गावांत शाळा चालवावयास गेले तेव्हा त्यांच्याबरोबर पाळीची, सफाईची आणि एकत्र जेवणाची ही शिस्तही गेली. शिक्षक शेतकरी वर्गातून यावा, ही फुल्यांची मागणी अशा रीतीने सरकारी हुकमाने नव्हे, लोकाश्रयाने पुरी होऊ लागली.

याच काळात खानदेशात एक वेगळा प्रयोग चालला होता. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ मध्ये शिक्षक म्हणून आलेल्या पांडुरंग सदाशिव साने यांच्याकडे छात्रालयाची, म्हणजे वसतिगृहाची, जबाबदारी आली तेव्हा त्यांनी अस्ताव्यस्त खोल्यांबद्दल मुलांना दटावण्याऐवजी त्या खोल्या स्वतः झाडावयास आरंभ केला आणि 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढून त्यातून मुलांशी रोज बोलणे सुरू ठेवले. १९३० मध्ये स्वातंत्र्यलढ्यात उतरण्यासाठी त्यांनी ती नोकरी सोडली. तोवरचा हा काळ जेमतेम सहा वर्षांचा आहे. या पद्धतीत शिक्षा नव्हती, पण संकोच होता, आणि गुरुजींना केरसुणी हातात घेतलेले पाहून मुलाला जो संकोच वाटतो तो छडीपेक्षा सौम्य आहे असे सहज म्हणता येत नाही. ती शिस्त एका असामान्य माणसाच्या उपस्थितीवर उभी होती, म्हणून दुसऱ्याला तिचे अनुकरण करणे कठीण गेले. रयतची शिस्त पाळीपत्रकावर उभी होती, म्हणून ती गावोगाव नेता आली.

लहान मुलांच्या बाबतीत तर प्रश्नच वेगळ्या रीतीने विचारला गेला. गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणतज्ज्ञ मॉन्टेसोरी यांच्या विचारांना अनुसरून बालशाळेतून शिक्षा आणि बक्षीस दोन्ही काढून टाकण्याचा आग्रह धरला. १९४५ मध्ये त्या तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांमध्ये गेले. तेथे शहरी शाळेची पहिलीच अपेक्षा, मुलाने ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी यावे ही, कोसळून पडली, कारण मुले लहान भावंडे सांभाळत किंवा गुरांमागे रानात जात. या मुलांना बेशिस्त ठरवून नावे कमी करण्याऐवजी या दोघींनी शाळाच पाड्यातील अंगणात नेली, आणि गुरे चारणाऱ्या मोठ्या मुलांसाठी चराईच्या जागी कुरणशाळा भरविली. मुलाला शाळेच्या वेळेत बसविण्याऐवजी शाळेला मुलाच्या दिवसात बसविणे, हा महाराष्ट्राच्या शिक्षणेतिहासातील शिस्तीविषयीचा बहुधा सर्वांत धाडसी निर्णय होय. वर्धा येथे १९३७ च्या परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमच्या, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या गांधीजींच्या पद्धतीच्या, सेवाग्राम येथील शाळेतही मुले स्वयंपाक, सफाई आणि आरोग्य यांचे मंत्री आपल्यातून निवडत आणि कामाचा हिशेब सभेत मांडत. आजच्या अनेक प्राथमिक शाळांतील 'शालेय मंत्रिमंडळ' या उपक्रमात त्याचे फिकट झालेले रूप ओळखू येते. फिकट अशासाठी की सेवाग्रामच्या अन्नमंत्र्याच्या हाती खरोखर कोठार होते.

शिस्त केवळ मुलांवर लादली जात नव्हती. सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यांनी तिचा रोख पालकांकडेही वळविला. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये बडोदे संस्थानातील अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व संस्थानात सक्तीचे शिक्षण लागू केले, तर शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात तसा हुकूम काढून मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. दांडी मारणाऱ्या मुलाची उचलबांगडी करणाऱ्या व्यवस्थेपासून मुलाला कामाला जुंपणाऱ्या बापाला जबाबदार धरणाऱ्या व्यवस्थेपर्यंतचा हा प्रवास सुमारे शंभर वर्षांचा आहे.

स्वातंत्र्यानंतर आणि विशेषतः १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्यानंतर शिस्तीचे नियम प्रमाणित होत गेले: गणवेश, परिपाठ, म्हणजे सकाळची प्रार्थना व प्रतिज्ञा यांचा सामूहिक कार्यक्रम, हजेरी आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील 'वर्तणूक' हा रकाना. या रकान्यात बहुधा 'चांगली' एवढाच शब्द लिहिला जातो. परंतु वर्षानुवर्षांच्या सहवासानंतर शाळेने मुलाच्या वागण्याविषयी अधिकृतपणे नोंदविलेले एवढेच काय ते मत असते, आणि ते नोंदविताना मुलाला किंवा पालकाला विचारण्याची रीत नाही.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने हा दीर्घ वाद कायद्यापुरता निकालात काढला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली, आणि ती मोडणाऱ्यावर त्याच्या सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई करण्याची तरतूद केली. म्हणजे शाळेतील शिस्तीचा विषय आता शिक्षकही झाला. कलम १६ ने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकण्याचा अधिकारही शाळेकडून काढून घेतला, आणि २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत नापास करण्याची मुभा दिली तरी ही मनाई कायम राहिली. विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांवर व्यवस्थापन समिती अनिवार्य करून तिच्यातील तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असेही कायद्याने ठरविले. कागदावर पाहता गावाच्या ओसरीवरील शाळेत पालकांचा जो अधिकार होता तो त्यांना परत मिळाला आहे, आणि या वेळी त्यात आईचाही वाटा आहे, वंचित घटकांचाही आहे.

समितीच्या कर्तव्यांत शाळेच्या कामकाजावर देखरेख, विकास आराखडा आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष यांचा समावेश आहे. मुलांच्या वर्तनाचे नियम मुलांशी बोलून ठरविण्याचे काम मात्र कायद्याने तिच्यावर नेमून दिलेले नाही. छडी खाली ठेवल्यानंतर तिच्या जागी काय आणावयाचे, हे त्यामुळे बहुतांशी एकट्या शिक्षकावर येऊन पडते, आणि चाळीस मुलांसमोर उभ्या असलेल्या शिक्षकाला त्यासाठी ना परवच्याची लय उपलब्ध आहे ना बोर्डिंगातील पाळीपत्रक. शिक्षेवरील बंदीमुळे मुले बेफाम झाली, अशी तक्रार जेव्हा पालकसभांत केली जाते तेव्हा तिच्यामागे बहुधा ही रिकामी जागा असते. ती भरण्यासाठी लागणारा अनुभव साताऱ्याच्या बोर्डिंगात, सेवाग्रामच्या सभेत आणि कोसबाडच्या अंगणात प्रत्यक्ष कामातून मिळविलेला आहे, आणि अध्यापक विद्यालयांच्या अभ्यासक्रमात त्याला शिक्षणतज्ज्ञांच्या जयंतीपुरते नव्हे, वर्ग सांभाळण्याच्या विद्येचा भाग म्हणून स्थान मिळणे आवश्यक आहे.